हौसेला मोल नसतं?

सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास तालुक्याच्या कोणत्याही गावात एखाद्या क्लासबाहेर उभं राहून बघा. दुचाक्यांची ही मोठी रांग! ओठांवर मिसरूडही न फुटलेली मुलं, दोन वेण्या घातलेल्या मुली, एकेका गाडीवर तिघं तिघं येतात. हेल्मेट नाही, लायसन्स नाही. असणार तरी कसं? वय अवघं चौदा-पंधरा! आणि हळदी-कुंकवाला गेलं की त्यांच्याच आया कौतुकाने सांगतात, "आमचा सोन्या आठवीपासून गाडी चालवतो हो, घाटातूनसुद्धा!" ऐकणाऱ्या बायकाही "अगंबाई, हो का!" म्हणून माना डोलावतात.

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. पण बचत गटाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते, तेव्हा या हौसेचं मोल मोजणारी घरंही मला दिसतात. त्यातल्या एका घराची गोष्ट आज सांगते. नाव-गाव मात्र विचारू नका.

एकुलता एक मुलगा. वडील व्यवसायासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. आई दुकान सांभाळते. लेकाला वेळ देता येत नाही, ही रुखरुख दोघांच्याही मनात. मग ती भरून कशी काढायची? मागेल ते हजर! आधी मोबाईल झाला, मग भारीतले बूट, आणि नववीत गेल्यावर गाडीचा हट्ट. वडील नको म्हणत होते. मुलगा दोन दिवस जेवला नाही. आईचंच काळीज ते! तिने दुकानाच्या पैशातून स्वतःच्या नावावर स्कूटर घेऊन दिली. वर "जपून चालव हं" एवढं सांगितलं, की झालं कर्तव्य!

एका संध्याकाळी मंडईच्या वळणावर त्या गाडीची धडक भाजी विकून घरी निघालेल्या एका आजींना बसली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण डोक्यावर पाटी घेऊन चालणं कायमचं संपलं. त्या घरात विधवा सून आणि दोन लहान नातवंडं. आजींच्या भाजीवरच चूल पेटायची. सून आता चार घरची धुणीभांडी करते आणि थोरल्या नातीची शाळा सुटली आहे.

इकडे मुलाच्या घरी काय झालं? दवाखान्याच्या बिलासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू झाल्या. "तूच लाडावून ठेवलंस" आणि "तुम्ही कधी घरात होतात?" यापलीकडे नवरा-बायकोत संवाद उरला नाही. मी भेटायला गेले, तेव्हा मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काकू, मी कुठे जातो, कुणाबरोबर जातो, हे मला घरात कधी कुणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्याने मला बरंच काही शिकवलं. आपल्याला वाटतं, लाड करणारे आईबाप वेगळे आणि दुर्लक्ष करणारे वेगळे. तसं नसतं! पुष्कळदा लाड हे दुर्लक्षावर घातलेलं पांघरूण असतं. बसून बोलायला वेळ नाही म्हणून वस्तू दिली जाते. रडणं, रुसणं सोसायची ताकद नाही म्हणून 'हो' म्हटलं जातं. त्यात मुलाचं सुख कमी आणि आपली सुटका जास्त असते. 'नाही' म्हणायला मात्र वेळ लागतो. कारण सांगावं लागतं, रुसवा काढावा लागतो, उद्या पुन्हा तेच ऐकून घ्यावं लागतं.

कायद्याचीही माहिती आपल्याला हवी. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये बदल झाला. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "मला माहीतच नव्हतं" म्हणून सुटताही येत नाही. ते आपल्याला कोर्टात सिद्ध करावं लागतं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचं. आपल्या दारातल्या स्कूटर त्याहून दुपटीने मोठ्या असतात! शिवाय विमा कंपनीने जखमी माणसाला भरपाई दिली, तरी ती रक्कम ती गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. आणि हौसेने घेतलेली स्कूटर पुष्कळ घरांत बाईच्या नावावर असते, हे विसरू नका.

"हे मोठ्या शहरातल्या श्रीमंतांचं झालं," असं म्हणाल, तर पुण्याचं प्रकरण आठवा. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आई-वडिलांनाही अटक झाली. न्याय कोर्ट करेल. पण गाडी कोटीची असो की ऐंशी हजारांची, अठरा वर्षांच्या आत चावी हातात पडते ती घरातूनच ना? मोठ्या घरच्या बातमीवर आपण तावातावाने बोलतो आणि त्याच संध्याकाळी लेकाला म्हणतो, "जा रे, गाडीवरून पटकन दही घेऊन ये!"

अडचणी खऱ्या आहेत, मला मान्य आहे. क्लास लांब असतो, एसटी वेळेवर येत नाही, घरात सोडायला कुणी नसतं. पण मार्ग निघतात. आमच्या गल्लीतल्या चार आयांनी मिळून एक रिक्षा ठरवली. दोन किलोमीटरला सायकल उत्तम. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, त्याची शाळेत चौकशी करा. गाडीची चावी खिळ्यावर न टांगता कपाटात ठेवा. आणि एकाने 'नाही' म्हटलं, की दुसऱ्याने गुपचूप 'हो' म्हणू नये, हे नवरा-बायकोने आधीच ठरवून ठेवा. आजी-आजोबांनाही त्यात सामील करा!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीच्या जेवणाला टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून अर्धा तास मुलांशी बोला. कुठे गेला होतास, कोण भेटलं, कशाचा राग आला, हे विचारा. सुरुवातीला ती कंटाळतील, तुटक उत्तरं देतील. देऊ देत. विचारणारं कुणीतरी घरात आहे, एवढं त्यांना कळलं तरी पुरे.

हट्ट पुरवला नाही म्हणून लेकरू दोन दिवस रुसेल. रुसू दे. रुसलेलं लेकरू समजावता येतं. मोडलेलं हाड आणि सुटलेली शाळा मात्र पाटल्या मोडूनही पूर्ववत होत नाही.