संश्लेषक व संगणक यांचे समकालन

संश्लेषक व संगणक यांचे समकालन : विद्युत् मंडलांच्या साहाय्याने स्वर निर्माण करणारे संश्लेषक (सिंथेसायझर) हे वाद्य आणि संगीत मुद्रित व संपादित करणारी संगणकीय आज्ञावली यांना एकाच लयीत व तालचक्राच्या एकाच स्थानी ठेवण्याची क्रिया. प्रत्येक यंत्राचे कालमापन स्वतंत्र असते. एका यंत्राची लय मिनिटाला १२० मात्रा व दुसऱ्याची १२०·१ मात्रा असल्यास, पाच मिनिटांत त्यांच्यात अर्ध्या मात्रेचे म्हणजे पाव सेकंदाचे अंतर पडते. म्हणून एका यंत्रास नियामक करून इतरांनी त्याचे कालस्पंद मोजीत चालावे, अशी योजना केलेली असते.

पूर्वेतिहास : जपानमधील रोलँड कंपनीने १९८० च्या सुमारास मात्रेस २४ स्पंद देणारी पद्धत आपल्या यंत्रांत आणली. तालवादन करणारे टीआर-८०८ व खर्जाचे स्वर देणारे टीबी-३०३ ही यंत्रे या पद्धतीने एका तारेने जोडता येत. हीच दोन यंत्रे आणि ज्युपिटर-८ हा संश्लेषक वापरून मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर आधारित ध्वनिमुद्रिका तयार केली. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर तिच्याकडे जगभरच्या रसिकांचे लक्ष वेधले गेले. तीत संगणकाचा वापर नव्हता. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना व संगणकाला समान भाषा मिळाली ती १९८३ मध्ये, मिडी या मानकामुळे.

कार्यपद्धती : लय सांगणे आणि सम दाखविणे या भिन्न गोष्टी आहेत. मिडीमध्ये पहिले काम मात्रेस २४ या प्रमाणात जाणारे स्पंद करतात. दुसऱ्यासाठी ‘आरंभ’, ‘पुढे चालू’ व ‘थांबा’ हे संदेश असतात. स्पंदांना तालाचे ज्ञान नसते. त्रितालाचे एक आवर्तन म्हणजे ३८४ स्पंद, तर रूपकाचे १६८. मधूनच वादन सुरू करावयाचे असल्यास सहा स्पंदांचा एक याप्रमाणे स्थानांक कळवितात. त्रितालाच्या तिसऱ्या आवर्तनाच्या समेसाठी हा अंक १२८ असतो.

विलंब व अनियमितता : मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असल्याने एका स्पंदास ०·३२ मिलिसेकंद व तीन भागांच्या स्वरसंदेशास सु. एक मिलिसेकंद लागतो. शिवाय संगणक ध्वनीचे नमुने गटागटाने हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २५६ नमुन्यांच्या गटास ५·८ मिलिसेकंद लागतात. विलंब स्थिर असेल, तर तेवढा काळ आज्ञावलीत वजा करून दोष काढता येतो. परंतु संगणक इतर कामांत गुंतल्यामुळे स्पंद कधी लवकर, कधी उशिरा निघू लागले, तर कोणतीही एक वजाबाकी पुरी पडत नाही आणि ठेका डळमळीत वाटतो. यावर संश्लेषकाला किंवा स्वतंत्र स्पंदजनकाला नियामक करणे हा एक उपाय आहे. दुसऱ्या उपायात स्पंद ध्वनिरूपाने मुद्रित करून ध्वनिमार्गानेच बाहेर पाठवितात. ध्वनीचे नमुने समान अंतराने बाहेर पडत असल्याने स्पंदही नियमित राहतात. २०२० मध्ये स्वीकृत झालेल्या मिडी २·० मानकात संदेशासोबत कालनोंद पाठविण्याची तरतूद आहे.

मर्यादा : समकालनाने यंत्रे परस्परांशी जुळतात, कलावंताशी नव्हे. ख्यालगायनात लय क्रमाने वाढत जाते. स्थिर लयीचा नियामक वापरल्यास गायकाला यंत्रामागे जावे लागते. ते टाळण्यासाठी लयीतील बदल आज्ञावलीत आधी नोंदवितात किंवा वादकाच्या आघातांवरून नियामकाची लय बदलती ठेवतात. नियामक कोणी व्हावे, हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक असतो तितकाच सांगीतिकही असतो.