न्यायाधीशाने कोणाच्या मिठाला जागावे?

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्या घराघरांत मुलांना सांगतात. पण ज्या सरकारने न्यायाधीशाला खुर्ची दिली, त्याच्याच विरुद्ध फिर्याद आली तर?

हा धोका बाबासाहेबांनी ओळखला होता. न्यायाधीश नेमण्याचा अनिर्बंध अधिकार सरकारच्या हाती देणे धोक्याचे आहे, असे त्यांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बजावले. सरन्यायाधीश हाही अखेर माणूसच, म्हणून त्याला नकाराधिकार देणेही त्यांनी नाकारले. सल्लामसलतीचा मधला मार्ग त्यांनी पत्करला.

तो मार्ग सत्तेने वाकवला. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी दिला. लगेच इंदिरा गांधींच्या सरकारने शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केले. तिघांनीही राजीनामे दिले. इशारा स्पष्ट होता.

पुढे आणीबाणी आली. विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी आहे तोवर नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. त्यांना १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात नेमले होते तेही इंदिराजींच्याच राजवटीत!

किंमत मोजावी लागलीच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

खुर्ची गेली, पण शब्द टिकला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी १९७६ चा तो निकाल रद्द ठरवला. त्या नऊजणांत धनंजय चंद्रचूड होते. १९७६ च्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव होते. वडिलांचा निकाल मुलाने चूक ठरवला.

आम्हाला वाटते, ज्याच्या पाठीशी ना पैसा ना पुढारी, त्याला कोर्टाचीच पायरी उरते. वर बसलेला माणूस नेमणाऱ्याचा मिंधा असेल, तर ती पायरीही गेली. न्यायाधीश शपथ घेतो ती घटनेची. त्याचे मीठ जनतेचे. बंधू-भगिनींनो, मुलांना मिठाची म्हण सांगाल तेव्हा खन्नांची ही गोष्टही सांगा.