क्लेमेंझा आलाच नाही

कॅमेऱ्यामागची कथा : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण मारिओ पुझोच्या १९६९च्या कादंबरीतून 'द गॉडफादर' कसा उभा राहिला ते पाहिलं. दुसऱ्या भागात, म्हणजे १९७४च्या चित्रपटात, तरुण व्हिटोची कहाणी त्याच कादंबरीतली होती. त्याच्या मुलाचं, मायकेलचं, पुढे काय झालं, हे मात्र दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि पुझो यांना नव्याने रचायचं होतं. त्यांचा मूळ बेत झकास होता. मायकेलविरुद्ध अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला उभा राहणार होता तो पीटर क्लेमेंझा. व्हिटोचा जुना जिवलग, मायकेलला पिस्तूल कसं चालवायचं आणि कसं टाकून द्यायचं हे शिकवणारा, वीस माणसांचा स्वयंपाक कसा करायचा तेही शिकवणारा, म्हणजे अगदी घरचाच माणूस.

पण क्लेमेंझा करणाऱ्या रिचर्ड कॅस्टेलानोचं आणि निर्मात्यांचं बिनसलं. आपले संवाद आपल्याच माणसाने लिहावेत असा त्याचा हट्ट होता, असं कपोलाने पुढे सांगितलं. कॅस्टेलानोच्या घरच्यांना ते मान्य नव्हतं. ते काही असो, क्लेमेंझा सेटवर आलाच नाही. मग पटकथेत त्याला परस्पर मारून टाकलं. सुरुवातीच्या मेजवानीत त्याच्या हार्ट अटॅकचा विषय निघतो आणि एक जण म्हणतो, तो हार्ट अटॅक नव्हताच. क्लेमेंझाचा निकाल एवढ्यात लागला. त्याच्या जागी आला फ्रँक पेंटँजेली.

हे पात्र करणारा मायकेल गॅझो मुळात नाटककार. त्याची ओळख करून देणारा प्रसंग बघा. लेक टाहोच्या काठावर मायकेलची थाटाची मेजवानी चालू आहे. पेंटँजेली थेट वाद्यवृंदाकडे जातो आणि हातवारे करकरून त्यांना टॅरेंटेला, म्हणजे आपल्या मुलखातली नाचाची धून, वाजवायला लावतो. बिचारे वादक चाचपडत सुरुवात करतात आणि घसरतात ते थेट इंग्रजी बडबडगीताच्या चालीवर. न्यूयॉर्कच्या गल्लीतला हा माणूस या नव्या वैभवात किती उपरा आहे, हे दोन मिनिटांत कळतं. गॅझोला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं.

तरीही 'झालं ते बरंच झालं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या चित्रपटात दोन काळ शेजारी शेजारी चालतात. जुन्या काळात ब्रूनो कर्बीने केलेला तरुण क्लेमेंझा व्हिटोला बरोबर घेऊन एका बंगल्यातला गालिचा उचलून आणतो. व्हिटोची गुन्ह्याची वाट इथून सुरू होते. तोच क्लेमेंझा म्हातारपणी व्हिटोच्या मुलाविरुद्ध साक्षीला उभा राहिला असता, तर दोन्ही काळ एकाच माणसात येऊन मिळाले असते. पेंटँजेली कितीही गोड असला, तरी त्याला आपण याच चित्रपटात प्रथमच पाहिलेलं असतं.

दुसरी गैरहजेरी पहिल्या भागात व्हिटो केलेल्या मार्लन ब्रँडोची. शेवटी ७ डिसेंबर १९४१चा प्रसंग आहे. व्हिटोचा वाढदिवस, आणि पर्ल हार्बरवर हल्ला झालेला. ब्रँडोचं काम जेमतेम एका दिवसाचं होतं. पॅरामाउंट स्टुडिओने आपल्याला नीट वागवलं नाही असा राग डोक्यात असल्यामुळे तो त्या दिवशी फिरकलाच नाही, आणि कपोलाने त्याच दिवशी प्रसंग नव्याने लिहिला. भाऊ टेबलाभोवती जमलेत. मायकेल सांगतो, मी सैन्यात भरती झालोय. सनी भडकतो, हात पुढे करतो तो एकटा फ्रेडो. तेवढ्यात वडील आल्याची चाहूल लागते आणि सगळे दाराकडे धावतात. मायकेल टेबलापाशी एकटाच. आतून येतात ते फक्त आवाज. ब्रँडो आला असता तर आपण ब्रँडोकडेच बघत बसलो असतो.

तिसऱ्या भागाला, १९९० साली, गैरहजेरीचं असं सोनं करणं साधलं नाही. मायकेलचा मानलेला भाऊ आणि वकील टॉम हेगन याची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट डुव्हॉलचं म्हणणं सरळ होतं: मायकेल करणाऱ्या अल पचिनोला माझ्या दुप्पट मानधन दिलंत तरी चालेल, तिप्पट-चौपट नको. स्टुडिओ बधला नाही. कपोलाच्या मनातली मूळ गोष्ट मायकेल आणि टॉम यांच्यातल्या फुटीची होती; ती गेली. टॉम आधीच वारल्याचं दाखवलं, त्याच्या मुलाला पाद्री केलं आणि वकिलाच्या खुर्चीत जॉर्ज हॅमिल्टनला बसवलं. सूट छान शिवलेला, पण मायकेलला खडसावण्याचा अधिकार या वकिलाला कुठून असणार? पेंटँजेलीला स्वतःची अशी गोष्ट तरी मिळाली होती, याला तीही मिळाली नाही. लिहिणाऱ्यांना वेळ हवा होता सहा महिन्यांचा, मिळाला सहा आठवड्यांचा. नाताळला चित्रपट लागायलाच हवा होता.

त्यात मायकेलच्या मुलीची भूमिका करायला आलेली विनोना रायडर रोममध्ये आजारी पडली. कपोलाने आपली १८ वर्षांची मुलगी सोफिया कॅमेऱ्यापुढे उभी केली. पहिल्या भागातल्या बारशाच्या प्रसंगातलं तान्हं बाळही तीच. तिच्यावर टीकेची झोड उठली. माझ्या मते दोष तिच्या पदरात जरा जास्तच पडला. पटकथेची गळती तिच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

चौथ्या भागाचाही विचार होता, पण १९९९मध्ये पुझो गेला आणि तो बारगळला. २०२०मध्ये कपोलाने तिसऱ्या भागाचं नव्याने संकलन केलं. सुरुवात बदलली, नावात 'मायकेल कॉर्लिओनीचा मृत्यू' आणला आणि गंमत म्हणजे तो मरतानाचा क्षणच कापला. टॉम हेगन मात्र या आवृत्तीतही परतला नाही. त्याचं एकही दृश्य चित्रितच झालेलं नव्हतं.