मालमोटार आणि वाऱ्याचा अडसर

मालमोटारीचे डिझेल कशात खर्च होते असे विचारले, तर बहुतेकजण ओझ्याकडे बोट दाखवतील. घाट चढताना ते खरेही आहे. परंतु सपाट महामार्गावर, मागे ट्रेलर जोडलेली गाडी वेगाने धावू लागली, की ओझ्याइतकाच मोठा दुसरा अडथळा पुढे उभा राहतो. तो म्हणजे हवा. ताशी नव्वद किलोमीटरच्या सुमारास एंजिनाची जवळजवळ निम्मी शक्ती केवळ हवा बाजूस सारण्यात खर्ची पडते.

हा रोध नेमका कोठे उत्पन्न होतो? १९७३ साली कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, नासा या संस्थेच्या उड्डाण-संशोधन केंद्रातील अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलीने कामावर जात असत. शेजारून मालमोटार गेली, की हवेचा लोट त्यांना आधी रस्त्याबाहेर ढकली आणि लगेच गाडीच्या दिशेने ओढी. ढकलणे आणि ओढणे, या दोन अनुभवांतच प्रश्नाचे उत्तर होते. पुढची हवा गाडीला मागे रेटते. मागे निर्माण झालेली पोकळी तिला मागे खेचते.

सॉल्ट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या व्हॅनवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचे काटकोनी खोके बनवले आणि मग त्याचे कोपरे क्रमाक्रमाने गोल केले. सर्व कडा गोल होताच रोध ५४ टक्क्यांनी घटला. आतील जागा मात्र अवघी ३ टक्के कमी झाली. कारण उघड आहे. तीक्ष्ण कडेवरून हवा सुटते, भोवरे करते. गोल कडेला ती बिलगून वाहते. होडीच्या शेपटासारखा निमुळता मागचा भाग जोडल्यावर रोध आणखी सुमारे १५ टक्क्यांनी उतरला.

ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक दुखणे असते. चालकाची केबिन व ट्रेलर यांमधील फटीत हवा शिरते आणि ट्रेलरच्या सपाट कपाळावर आदळते. म्हणून केबिनच्या टपावर उतरता पडदा बसवावा, फट शक्य तितकी झाकावी, चाकांमधील मोकळ्या बाजूंना झालर लावावी. अर्थात, रोध निम्मा झाला म्हणून डिझेल निम्मे होत नाही. शक्तीचा निम्माच वाटा हवेचा असल्याने बचत फार तर पाव हिश्शाच्या घरात जाते. तथापि रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या वाहनाला पाव हिस्सा लहान नव्हे.

आणि ज्याच्यापाशी यांतील काहीही बसवण्यास पैसा नाही, त्याने काय करावे? सैल ताडपत्री घट्ट बांधावी आणि वेग आवरावा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून साठवर आलात, तर सोळा आणे रोध नऊ आण्यांवर येतो. याला पत्रा लागत नाही, कारागीर लागत नाही. लागतो तो केवळ चालकाच्या पायाचा संयम, आणि त्याला तेवढा वेळ देणारा मालक.