साखर तर तपासलीत, पण चरबी?

मैत्रिणींनो, पुणतांब्यासारख्या उसाच्या पट्ट्यातल्या गावात मधुमेहाला सगळे ‘शुगर’च म्हणतात आणि लक्षही फक्त साखरेवर ठेवतात. चहा बिनसाखरेचा झाला, की झालं! पण मधुमेहात रक्तातली चरबीही बिघडते. ट्रायग्लिसराइड्स वाढतात, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल घटतं. हृदयविकाराची वाट इथूनच सुरू होते.

‘मी तर काटकुळी!’ असं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचंच उदाहरण मांडलं. उंचीच्या मानानं त्यांचं वजन ब्रिटिश सहकाऱ्याइतकंच, पण अंगातली चरबी मात्र दुपटीहून जास्त!

पाळी असेपर्यंत बाईच्या हृदयाला जे संरक्षण असतं, तेही मधुमेहात बरंचसं जातं. म्हणून वर्षातून एकदा ‘लिपिड प्रोफाइल’ कराच. तेल माणशी महिन्याला अर्धा किलो पुरे. तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरू नका. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मनानं बंद करू नका. अचानक धाप, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं याला ‘पित्त’ म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि हो, यजमानांना तपासणीला न्याल, तेव्हा स्वतःचंही रक्त देऊन या, बरं का!