परवानगी एकाची, माहिती अनेकांची

मोबाइलवर नवे अ‍ॅप उतरवून घेतले की काही क्षणांतच पडद्यावर एक चौकट उमटते. या अ‍ॅपला तुमच्या संपर्कयादीत प्रवेश द्यायचा का, असा प्रश्न त्यात असतो. घाईत असलेला मोबाइलधारक होकार देऊन मोकळा होतो. त्या यादीत नातेवाईक असतात, कार्यालयातील वरिष्ठ असतात, मुलांचे शिक्षक असतात आणि घरी दूध टाकणाराही असतो. त्यांपैकी कोणालाही न विचारता त्यांची नावे व क्रमांक तिऱ्हाइताच्या हाती जातात.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी दाखवून दिले. करोनाकाळात अनेक गरजूंनी त्यांचा आधार घेतला. काही हजार रुपयांच्या कर्जासाठी संपर्कयादी आणि छायाचित्रे खुली करावी लागत. हप्ता थकला की वसुलीचे दूरध्वनी कर्जदाराबरोबरच त्याच्या यादीतील आप्त व सहकाऱ्यांनाही जाऊ लागले. काही प्रकरणांत तर कर्जदाराची छायाचित्रे विकृत करून त्यांना पाठविण्यात आली. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी करून कर्ज अ‍ॅप्सना संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फाइल्स पाहण्यास मनाई केली. कॅमेरा, मायक्रोफोन व ठिकाण यांचा वापर ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी, तोही त्याच्या स्पष्ट संमतीने एकदाच करण्याची मुभा राहिली. गुगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना संपर्कयादी व छायाचित्रे पाहण्यास बंदी घातली.

मुळात ही परवानगी लागते कशासाठी? मोबाइलमधील प्रत्येक अ‍ॅप स्वतःच्या बंदिस्त कप्प्यात काम करते. कॅमेरा, ठिकाण किंवा संपर्कयादी या कप्प्याबाहेरच्या गोष्टी असून त्यांचे दार परवानगीनेच उघडते. पूर्वी अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप घेतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून त्या गरजेनुसार, सुट्या मागितल्या जाऊ लागल्या. कित्येक महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप रद्द करण्याची सोय २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये आली. आयफोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ पासून संपूर्ण यादीऐवजी निवडक संपर्कच खुले करता येतात.

मात्र एक मर्यादा कायम आहे. परवानगी मागे घेतल्याने पुढचा प्रवेश थांबतो. तोपर्यंत कंपनीच्या सर्व्हरवर गेलेली यादी परत येत नाही. म्हणूनच पहिला होकार महत्त्वाचा ठरतो.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये याच प्रसंगाचे उदाहरण दिलेले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने सेवेसोबत संपर्कयादीचीही संमती मागितली आणि ग्राहकाने ती दिली, तरी सल्ल्यासाठी ती यादी आवश्यक नसल्याने संमती फक्त सेवेपुरतीच मानली जाईल, असे हे उदाहरण सांगते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र कंपन्यांवरील प्रमुख बंधनांच्या अंमलबजावणीसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

कायद्याने घालून दिलेली हीच कसोटी मोबाइलधारकालाही वापरता येते. मागितलेल्या गोष्टीवाचून अ‍ॅपचे काम अडते का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. नकाशाला ठिकाण लागते. विजेरीच्या अ‍ॅपला संपर्कयादी लागत नाही. आधी दिलेल्या परवानग्या 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी' विभागात पाहता येतात आणि तेथेच त्या काढूनही घेता येतात. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. मात्र तिच्यावर यादीतील प्रत्येकाची शांतता अवलंबून असते आणि त्यांच्या वतीने नकार देण्याचा अधिकार फक्त फोनच्या मालकालाच असतो.