जुन्या गाडीचा तुटका कन्सोल : बदलायचं काय, वाचवायचं काय?



आज आपण घरातल्या जुन्या गाडीबद्दल बोलणार आहोत. इंजिनाबद्दल नाही, तर गाडीत बसल्यावर हाताला लागणाऱ्या प्लास्टिकच्या सामानाबद्दल. दोन सीटांच्या मधला कन्सोल, गिअरभोवतीचं कव्हर, हवेच्या जाळ्या, हीटरची दांडी, समोरच्या कप्प्याचं झाकण.

आपल्या जिल्ह्यात एमएच-३२ नंबरच्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, वॅगन आर अजून रोज चालतात. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातल्या सगळ्यात नव्या गाडीलाही आता दहा वर्षं होऊन गेली. पण हीच गाडी लेकरांना शाळेत सोडते, हीच रात्री-अपरात्री पेशंटला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेते. इंजिन ठणठणीत असतं, आतलं सामान मात्र लोंबत असतं. मग कोणी म्हणतं, "पूर्ण डॅशबोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा गाडीच काढून टाका." बाई एकटी गॅरेजवर गेली तर हे वाक्य जरा लवकरच ऐकू येतं. अशा वेळी काय पाहायचं, काय विचारायचं, ते आज समजून घेऊ.

आधी हे प्लास्टिक तुटतं का ते पाहू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. वर्षानुवर्षं असं ऊन खाल्लं की प्लास्टिकची लवचीकता जाते आणि ते पापडासारखं कुरकुरीत होतं. मग खड्ड्यातल्या एका हादऱ्यानंही त्याचा कान तुटतो. बहुतेक वेळा तुटतो तो हा कानच, म्हणजे मागची क्लिप किंवा स्क्रू बसायची जागा. वरचा भाग चांगला असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की नेमकं काय तुटलं? नुसती क्लिप गेली असेल तर सुटी क्लिप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. कव्हर फुटलं असेल तर तेवढंच कव्हर बदलायचं. पण दांडी किंवा मूठ तुटली असेल तर ती कशामुळे तुटली ते पाहायला हवं. हीटरच्या दांडीला मागून एक केबल असते. ती केबल धुळीनं जाम झाली की आपण जोर लावतो आणि दांडी मोडते. केबल मोकळी न करता नवी दांडी बसवली तर तीही मोडेल.

तुटलेल्या सगळ्याच वस्तू सारख्या नसतात. कप्प्याचं झाकण चार महिने तसंच राहिलं तरी चालेल. पण तीन गोष्टी थांबवू नका. पहिली, सुटलेला तुकडा. तो घरंगळत ब्रेकच्या पायडलखाली अडकला तर ऐन वेळी ब्रेक दबणार नाही. सुटा तुकडा त्याच दिवशी बाहेर काढा. दुसरी, लोंबणाऱ्या वायरी. कव्हर नसलं की त्या घासतात, सोलवटतात आणि शॉर्टसर्किट होऊ शकतं. तिसरी, गिअरखालचं रबर. वरचं कव्हर शोभेचं असतं, पण त्याच्या खाली जमिनीच्या भोकावर रबराचं बूट असतं. ते फाटलं तर रस्त्यावरचा फुफाटा, पाणी आणि सायलेन्सर गळत असेल तर त्याचा धूरही आत येतो. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून तो जास्त घातक.

आता पार्ट कसा मागायचा ते सांगते. "८०० चा कन्सोल द्या" एवढं सांगून चालत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार पार्ट बदललेले असतात. आरसी सोबत ठेवा. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते असतं, चेसिस नंबर असतो. तुटका पार्टही सोबत न्या. त्याच्या मागे पुष्कळदा नंबर कोरलेला असतो. ड्रायव्हर साइडचा की क्लीनर साइडचा, तेही सांगा. कंपनीच्या काउंटरवर मिळाला तर उत्तम. नाही तर वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या दुकानांत विचारा, नागपूरला जुन्या गाड्यांतून निघालेला माल मिळतो का ते पाहा. जुना पार्ट घेताना मागचे सगळे कान शाबूत आहेत ना, हे बोटानं चाचपून बघा. पक्कं बिल मागा.

पार्ट मिळतच नसेल तर जोडता येतो. मागच्या बाजूला एबीएस किंवा पीपी अशी इंग्रजी अक्षरं असतात, ती प्लास्टिकची जात. एबीएस असेल तर दोन नळ्यांचं मिसळायचं ॲराल्डाइट चालतं. मागून प्लास्टिकची पट्टी लावून जोड भक्कम करा. पीपीला साधा गोंद धरत नाही. तिथे भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून प्लास्टिकच्या केबल टायनं टाके घाला. फेविक्विकचा जोड ताठ असतो, हादऱ्यानं सुटतो आणि भोवती पांढरे डागही पडतात.

साधं कव्हर घरीही काढता येतं. गाडी सपाट जागी उभी करून बंद करा, चाकांना दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी हे काम करू नका, थंड प्लास्टिक पटकन मोडतं. गाडी थोडा वेळ कोवळ्या उन्हात राहू द्या. लोखंडी पेचकस खुपसण्याऐवजी नॉनस्टिक तव्याचं प्लास्टिकचं उलथणं वापरा. कव्हर निघत नसेल तर ओढू नका, कुठे तरी स्क्रू लपलेला असतो. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत क्रमानं ठेवा. बसवताना मूळचेच स्क्रू लावा. लांब स्क्रू मागच्या वायरीत घुसतो.

एक मर्यादा मात्र पाळा. स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण असेल, पिवळ्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर हात लावू नका. ते काम जाणत्या मेकॅनिकचंच. जुन्या गाडीतून काढलेली एअरबॅग किंवा सीटबेल्टही विकत घेऊ नका.

मोठा खर्च करण्याआधी आरसीची मुदत पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपत आली असेल आणि पत्रा, ब्रेक, इंजिन यांचंही काम निघणार असेल, तर सगळ्याचा हिशेब एकत्र मांडा. पण बाकी गाडी धड असेल, तर एका तुटक्या कानासाठी ती भंगारात घालू नका.

आणि नवा पार्ट बसवला की गाडी सावलीत उभी करा. सावली नसेल तर समोरच्या काचेला आतून पुठ्ठा लावा, निदान डॅशबोर्डवर जुनं सुती लुगडं टाका.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गॅरेजवर गेलात की एवढंच विचारा, "भाऊ, तुटलं ते काढून दाखवा बरं." तुटका तुकडा हातात आला की पुढचं बोलणं सोपं होतं.